सोडून राह्यलो

आपण गेलो, हे हरीओमला टायपिंगची बॅच चालू असताना कळलं. वाशीमच्या पाटणी चौकातल्या गाळ्यावरची खोली, खिडकीत दुपारचं थंडीतलं ऊन, आणि सगळ्या कीबोर्डांचा मिळून एकच आवाज, पत्र्यावर हरभरे ओतत राहावं तसा. मुलं सरकारी परीक्षेचा उतारा बडवत होती. त्याने स्वतःच्या संगणकावर मेल उघडली. बोलपाटीच्या प्रमुखाची होती. बोलपाटी म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली. ज्यांना दिसत नाही ती माणसं ती फोनवर वापरतात. ती कोणाच्या मालकीची नाही. देशोदेशीचे लोक आपापल्या वेळात, बिनपगारी ती लिहितात आणि लिहिलेलं सगळं सगळ्यांसाठी उघडं असतं. तिचा मराठीचा भाग हरीओम एकटा सांभाळत होता. मेलमध्ये इंग्रजीत लिहिलं होतं की इतक्या वर्षांच्या कामाबद्दल आम्ही सगळे तुझे ऋणी आहोत, तुझी उणीव भासेल, पुढच्या वाटचालीला शुभेच्छा. त्याखाली आणखी एक परिच्छेद होता. मराठीचं काम घ्यायला एक नवा स्वयंसेवक पुढे आला आहे. त्याने यंत्राने घडवलेला नवा आवाज तयार केला आहे. रविवारपर्यंत कोणाची हरकत आली नाही, तर जुना ध्वनिमुद्रित आवाज काढून तो बसवण्यात येईल.

"सर, टाइम झाला ना?" मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली. त्याने थांबा म्हणायला हवं होतं, ते तो विसरला होता. मुलांनी हात थांबवले, आणि खोलीत एकदम खालच्या चौकातले आवाज आले. त्याने सांभाळणाऱ्यांची यादी उघडून पाहिली. त्याचं नाव तिथे नव्हतं. ते 'कृतज्ञतापूर्वक' या मथळ्याखाली गेलं होतं. त्या मथळ्याखालच्या नावांपैकी दोघे खरोखरच वारलेले होते, हे त्याला माहीत होतं. त्याला राग आला नाही. आपल्या घरी लोक सांत्वनाला आलेत आणि आपणच दार उघडलंय, अशी ओशाळल्यासारखी भावना झाली. त्याने दोन ओळी लिहून विचारलं, मी गेलो हे तुम्हाला कोणी सांगितलं? आणि मुलांना दुसरा उतारा दिला.

उत्तर संध्याकाळच्या बॅचआधी आलं. प्रमुख सभ्य माणूस होता. तो उत्तरेकडच्या कुठल्याशा देशात राहत होता, त्याचा चेहरा हरीओमने कधी पाहिला नव्हता. त्याने लिहिलं होतं, पुण्याच्या संशोधकांनी आपल्या प्रकल्पावर केलेल्या अभ्यासाची माहिती गेल्या महिन्यात सर्वांसाठी खुली झाली. त्यात नावं नाहीत. पण एका तक्त्यात लिहिलंय की एका भारतीय भाषेचा एकटा सांभाळणारा काम सोडून गेला आहे. बाकी सगळ्या भारतीय भाषांना दोन-तीन माणसं आहेत, म्हणजे तो तूच. शिवाय तू कित्येक महिन्यांत एकही बदल केला नव्हतास. आम्हाला वाटलं, तोंडावर सांगणं तुला जड जात असावं. आम्ही त्याचा मान ठेवला.

हे खरं होतं की त्याने कित्येक महिन्यांत एकही बदल केला नव्हता. रोज सकाळी तो बोलपाटीचं मराठीचं दालन उघडत असे. तिथे लोकांच्या तक्रारी आलेल्या असत. 'जरा' शब्द यंत्र चुकीचा म्हणतं. थोडंसं या अर्थाचा जरा वेगळा उच्चारायचा, म्हातारपण या अर्थाचा वेगळा. अक्षर एकच, यंत्राला कसं कळणार? चोरातला च आणि चारातला च. जागेतला ज आणि जगातला ज. असे हजारो शब्द त्याने एकेक करून हाताने भरले होते. आता तो तक्रार वाचायचा, उत्तर काय ते त्याला लगेच कळायचं, आणि तो दालन बंद करायचा. दुकान उघडून गिऱ्हाईक आलं की आत जाऊन बसणाऱ्या माणसासारखं त्याचं चाललं होतं. पण दुकान तो रोज उघडत होता. हे कुठल्याही तक्त्यात मावण्यासारखं नव्हतं.

पुण्याच्या निकिता मॅडमनी त्याची मुलाखत घेतली त्याला दीड-दोन वर्षं झाली असतील. एका संशोधन संस्थेत त्या होत्या. लोक असल्या फुकटच्या कामात का येतात, का टिकतात आणि का निघून जातात, हा त्यांचा विषय. संगणकावर समोरासमोर बोलणं झालं, रविवारी सकाळी, घरून. सुरुवातीला त्यांनी विचारलं होतं, "सर, तुमचं नाव-गाव काढून ही मुलाखत आम्ही पुढे इतर अभ्यासकांसाठी खुली ठेवली तर चालेल का? नको असेल तर तसं सांगा." तेव्हा हरीओमने एक छोटं भाषण दिलं होतं. आमचं सगळं लिहिलेलं उघडं असते मॅडम, मंग आमच्याबद्दलचं लिहिलेलं झाकून कायले ठेवता? ठेवा उघडं. कोनाच्या कामी येईन. मॅडम हसल्या होत्या, बरं वाटलं असं म्हणाल्या होत्या. त्यालाही बरं वाटलं होतं. इतकी वर्षं तो जे करत होता त्याबद्दल कोणी प्रश्न विचारावेत, आणि ऐकताना खाली मान घालून लिहून घ्यावं, असं पहिल्यांदाच घडत होतं. म्हणूनच तो पुढे नको तितकं बोलला असावा.

माहिती कुठल्याही माणसाला उतरवून घेता येत होती. त्याने ती उतरवून घेतली. तो सहभागी ११ होता. मुलाखत मराठीतच होती, शेजारी इंग्रजी भाषांतर. वाशीमच्या जागी 'एक जिल्ह्याचे ठिकाण' होतं, आसेगावच्या जागी 'मूळ गाव'. स्वतःचं बोलणं वाचताना त्याला पहिल्यांदा वाटलं की दुसऱ्याच कोणाची फाइल उघडली. सहभागी ११ 'मला' म्हणत होता, 'तुम्हाला' म्हणत होता, 'कशासाठी' म्हणत होता. पुण्यात नोकरी लागलेल्या आणि दिवाळीला गावी आलेल्या माणसासारखा. सुरुवातीच्या टिपणात त्याचं कारण दिलेलं होतं: सहभागी व्यक्तीची ओळख पटू नये म्हणून बोलीतले उच्चार प्रमाण लेखनात आणले आहेत. म्हणजे हे त्याच्याच भल्यासाठी केलेलं होतं. नाव पुसलं, गाव पुसलं, आणि उरलेल्या बोलण्यावरूनही तो कुठला ते कळेल म्हणून बोलणंही पुसलं. त्याला ते पटलंसुद्धा. त्याच्याकडे असं काम असतं तर त्यानेही तसंच केलं असतं. मग शेवटाकडे तो त्या वाक्याशी आला. मॅडमनी विचारलं होतं, हे काम तुम्ही किती दिवस करत राहाल? आणि सहभागी ११ म्हणाला होता: "मी आता सोडून राहिलो." शेजारी भाषांतर होतं: मी आता ते सोडलं आहे आणि वेगळा राहतो. त्यापुढे तक्त्यात, स्थिती: सोडले.

तो म्हणाला होता, मी आता सोडून राह्यलो. एवढ्या एका जोडाक्षराने तो गेला होता. हे वाशीमात कोणाला सांगितलं असतं तर कोणी हसलं असतं. सोडून राह्यलो म्हणजे सोडतो आहे, सोडायचं चाललंय. जेवून राह्यलो म्हणजे जेवण चालू आहे, ताटावरून उठलेलो नाही. पुण्याच्या कोणा होतकरू मुलाने ते कानाने ऐकलं, हाताने सुधारलं, आणि सुधारलेल्याचा अर्थ लावला. तीन पायऱ्या, आणि तिन्हींवर कोणाचीही वाईट बुद्धी नव्हती. हरीओमला त्याचे वडील आठवले. मारोतराव आसेगावहून त्याच्याकडे यायचे, चहा घ्यायचे, टोपी घालायचे आणि "चाल बाप्पा, मी जाऊन राह्यलो" असं म्हणून दारात उभे राहायचे. मग तिथे पाऊण तास. तुरीला भाव काय, शेजारच्याच्या म्हशीने काय केलं, कोणाचं लग्न मोडलं. आई, विजयमाला, बरोबर असली तर शेवटी वैतागून म्हणायची, "जाऊन राह्यले त जा ना. का उंबऱ्याले मुळं फुटले तुमच्या?" मारोतराव म्हणायचे, "जाऊनच त राह्यलो." आणि ते खोटं नसायचं. आमच्याकडे जाणारा माणूससुद्धा राहतो, हरीओमच्या मनात आलं, क्रियापदातच राहतो. त्या राहण्याला किती वेळ द्यायचा हे समोरच्यावर असतं. समोरच्याने म्हणायचं असतं, बसा ना, काय घाई आहे. त्या रविवारी संगणकासमोर तो दारात उभा होता. मॅडमनी पुढचा प्रश्न विचारला होता.

खरं म्हणजे इथपर्यंत सगळं सोपं होतं. एक मेल करायची: मी सोडलेलं नाही, उच्चाराचा घोटाळा झाला. पण मेल लिहायला घेण्याआधी त्याने मुलाखत पूर्ण वाचली, आणि मधल्या पानांवर तो थांबला. मॅडमनी विचारलं होतं, इतकी वर्षं टिकलात ते कशामुळे? आणि सहभागी ११ ने सांगून टाकलं होतं. बोलपाटीत मराठी वाचणारा जो बाईचा आवाज आहे, तो त्याच्या बायकोचा आहे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिच्याकडून वाक्यं वाचून घेतली. 'घरात आता आम्ही फार बोलत नाही. म्हणजे भांडण नाही. लागतं तेवढं बोलतो. पण मी दिवसभर तिचा आवाज ऐकतो. मी शब्द लिहितो, ती म्हणते. चुकलं की दुरुस्त करतो, परत म्हणते. त्या आवाजाला माझा कंटाळा येत नाही. लोक सांगतात, आवाज जुना झाला, बदला. मी बदलत नाही. तो गेला तर मला हे काम करायचं काही कारण राहणार नाही.' प्रमाण मराठीत हे सगळं जास्तच नीट वाटत होतं. एखाद्याने विचार करून लिहिल्यासारखं.

त्यावेळी ते रिसोड नाक्याकडे दोन खोल्यांत भाड्याने राहत होते. बायकोच्या, राखीच्या, नव्या साड्या अजून पेटीत होत्या. खिडकीवर गोधड्या टांगलेल्या, दार लावलेलं, पंखा बंद, कारण पंख्याची घरघर मुद्रणात यायची. उन्हाळ्याची सुरुवात होती. राखी खाटेवर मांडी घालून बसायची, हातात त्याने लिहिलेली वाक्यं, ज्यात मराठीतले सगळे ध्वनी यावेत म्हणून अर्थाकडे फारसं पाहिलेलं नसायचं. झुंबराखाली छत्री विसरलेला ज्ञानेश्वर उठला. मला तुझ्या चमच्याची चांदी चालते. ती हसायची आणि वाक्य वाया जायचं. "मला नाई, मले म्हनू द्या ना एकदा," ती म्हणायची. "मले चमच्याची चांदी चालते." तो म्हणायचा, "साऱ्या महाराष्ट्रात ऐकतीन लोक. मलाच म्हन." तिच्या कपाळावरून घाम ओघळून भुवईत थांबायचा, तो पुसायला ती हात उचलायची तर बांगड्या वाजायच्या, म्हणून तिने बांगड्या काढून उशीखाली ठेवल्या होत्या. संध्याकाळमागून संध्याकाळ दोघं समोरासमोर बसले होते. पुढे मुलगी झाली, इन्स्टिट्यूट झाली, राखी शाळेत लागली, घर बदललं. मुलगी आता अकोल्याला होस्टेलवर होती. समोरासमोर बसायचं काही निमित्त परत आलं नाही. पण ती चोवीस वर्षांची राखी त्याच्या कानात राहिली, आणि तिचं वय पुढे सरकलं नाही.

निकिता मॅडमना त्याने फोन केला तेव्हा त्या कुठेतरी जेवत होत्या. ताट-वाट्यांचा आवाज येत होता. त्यांनी लगेच ओळखलं. ऐकून त्या खरोखर हळहळल्या. "सर, ही आमचीच चूक. मूळ ध्वनिमुद्रण मात्र नियमाप्रमाणे आम्ही नष्ट केलंय, त्यामुळे तुमच्या शब्दावरच दुरुस्ती करावी लागेल. ते होईल. पण एक सांगायला हवं." त्यांनी ताट बाजूला सरकवल्याचा आवाज आला. "एकदा खुली केलेली माहिती आम्ही मागे घेत नाही. दुसरी आवृत्ती येते, पहिलीही तिथेच राहते. आणि दुसरीवर टीप लिहावी लागते: सहभागी ११ यांच्या सांगण्यावरून स्थिती बदलली. त्याच आठवड्यात तुमचं नाव बोलपाटीच्या यादीत परत आलं, तर..."

"तर अकरा कोन ते कळते."

"आत्ता तुमच्या प्रमुखांनी ताडलंय, पण त्यांना मराठी येत नाही. आणि भाषांतरात ते घरचं आम्ही गाळलं होतं, मराठीत राहून गेलं. तो नवा आवाज करणारा मुलगा मराठी आहे. वापरणारे सगळे मराठी आहेत. सर, तुमच्या मुलाखतीत घरचं बरंच आहे. तुम्हाला चालेल का?"

"सांगतो," तो म्हणाला. चालेल का हा प्रश्न मॅडमनी पूर्वीही विचारला होता, त्याने भाषण दिलं होतं.

रविवार जवळ येत होता. मेल न करणं म्हणजे आवाज जाणं. मेल करणं म्हणजे बोलपाटी वापरणाऱ्या कोणालाही हे कळणं की तिला सांभाळणारा माणूस बायकोशी बोलत नाही आणि तिच्या आवाजाशी बोलतो. आणि त्या लोकांमधून ते राखीपर्यंत यायला फारसा वेळ लागणार नव्हता. वाशीम केवढंसं आहे. त्याने दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला आणि प्रत्येक वेळी तो दारातच उभा राहिला. त्यात शेलूबाजारच्या भाऊसिंगचा फोन आला. भाऊसिंगला जन्मापासून दिसत नाही. तो जीपस्टँडजवळ मोबाइल रिचार्जचं दुकान चालवतो, आणि बोलपाटीतला प्रत्येक बदल सगळ्यात आधी त्याला ऐकू येतो. मागे जीपवाले ओरडत होते.

"सर, बाई बदलून राह्यली म्हनते?"

"कोन सांगतलं?"

"आमच्या ग्रुपवर नमुना आला ना. काय आवाज हाये सर! श्वास घेते ते बी ऐकू येते. आपली बाई त दम न खाता बोलते. गिऱ्हाईकं मले म्हनतात, भाऊसिंग, तुही मास्तरीन सारखी खवळेल काहून राह्यते?" तो मोठ्याने हसला. मग जरा गंभीर झाला. "पन सर, खरं सांगू का, सवय झाली. सकाळी उठलो का पैले तिचाच आवाज. बायको म्हनते, मी मरून जाईन तरी तुले पत्ता नाई लागाचा, तुह्या कानात ते सटवी बसेल हाये."

"बायकोले काय म्हनलं तू?"

"काय म्हनतो? आयकूच आली नाई, कानात सटवी होती!" भाऊसिंग पुन्हा हसला आणि गिऱ्हाईक आलं म्हणून त्याने फोन ठेवला. हरीओमलाही हसू आलं होतं. ते ओसरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, आणि ओसरल्यावर खोली आधीपेक्षा रिकामी वाटली.

त्याने ठरवलं की राखीला इतर कोणाकडून कळण्याआधी आपण सांगायचं. ठरवल्यावर त्याला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. शनिवारी संध्याकाळची बॅच त्याने लवकर सोडली. घरी आला तेव्हा राखी पुढच्या खोलीत जमिनीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. शाळेतून आल्यावर तिने मिठाच्या गुळण्या केल्या असाव्यात, मोरीजवळ पेला होता. खासगी शाळा, एका वर्गात खच्चून भरलेली मुलं. गेल्या काही वर्षांत तिचा आवाज बसत चालला होता. त्याच्याकडे पाहून तिने फक्त सूप थोडं सरकवलं. तो समोर बसला आणि शेंगा सोलायला लागला. हिरवे दाणे सुपात पडत होते. बोटांना शेंगांचा चिकटा लागत होता. सुरुवात कुठून करावी ते त्याला कळेना. प्रमाण मराठीत त्याच्याजवळ सगळं तयार होतं, छापलेलं. ते घरातल्या बोलण्यात आणताना शब्द कमी पडत होते.

"त्या पुन्याच्या मॅडमनं माही मुलाखत घेतली होती," तो म्हणाला. "ते आता लोकायले वाचाले ठेवेल हाये. त्याच्यात मी तुह्याबद्दल बोललो."

"मालूम हाये," राखी म्हणाली.

"कोन सांगतलं?"

"सांगाले कायले लागते कोन? तुमी घरातच त बोलून राह्यले होते. दार सताड उघडं. मी इकडं पोळ्या करून राह्यली होती." तिने एक किडकी शेंग बाजूला टाकली. "आवाजाले माहा कंटाळा येत नाई म्हने."

म्हणजे दीड-दोन वर्षं. त्याने हिशेब केला नाही, पण तेवढे दिवस एकदम त्याच्यासमोर आले. तेवढ्या सकाळी तिने त्याला चहा दिला होता, तेवढ्या रात्री दिवा मालवला होता, आणि तिला माहीत होतं. तो ज्या उघडं पडण्याला भीत होता, ते त्याच घरात, त्याच सकाळी होऊन गेलं होतं.

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमी मले सांगून राह्यले होते का? त्या मॅडमले सांगून राह्यले होते. मधात कायले बोलू?"

मग त्याने बाकीचं सांगितलं. त्या जोडाक्षराचं सांगितलं तेव्हा ती हसली, घसा धरून, आवाज न करता. रविवारचं सांगितलं. उद्यापर्यंत हरकत नाही घेतली तर आवाज काढतील. घेतली तर लोकांना कळेल. "पन आता तुले मालूमच हाये, त मले लोकायचं काई नाई. मी मेल करतो. तुहा आवाज मी जाऊ देत नाई."

राखीचे हात थांबले. "मले विचारलं का?"

"काय?"

"ठेवा का काढा, ते." तिचा आवाज मध्येच फाटला, तिने तो खाकरून सरळ केला. "मागं बँकेत गेली होती मी, पेन्शनच्या लाइनीत एक म्हातारा होता, त्याच्या फोनातून मी बोलून राह्यली. त्याच्या पोराचा मेसेज होता, पैसे पाठोत नाई म्हनून. ते मी वाचून राह्यली, सगळ्यायसमोर, हासल्या तोंडानं. माह्या बाजूच्या बाईनं मले विचारलं, कोन्या गावची असन हो हे बाई, किती शुद्ध बोलते! मी काय सांगू? साऱ्या दुनियेले देऊन टाकाच्या आधी मले एकदा विचारलं होतं का तुमी?"

"विकलं नाई ना मी. फुकट देलं."

"फुकट देलं म्हनून विचारा नाई लागत?"

 बाहेर कोणीतरी मोटरसायकल चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती घेत नव्हती.

"ते बाई तुमी बनवेल हाये," राखी म्हणाली. आता तिच्या बोलण्यात राग नव्हता, शाळेत सातव्यांदा तीच गोष्ट समजावताना असतो तसा थकवा होता. "तिले मी वळखत नाई. मले कंटाळा आला तिचा. नवीन आवाज येऊन राह्यला त येऊ द्या."

हरीओमने सुपात पाहिलं. आपण तिच्या बाजूने लढायला निघालो आहोत असं तो आत्तापर्यंत समजत होता. एवढी वर्षं ज्याला तो राखी समजत होता त्याचं राखीशी काही नातं उरलेलं नव्हतं, आणि हे त्याला तिच्याकडून कळायला एक तक्ता चुकावा लागला होता. त्याला तिच्याकडे पाहायचं होतं, पण पाहिलं तर ती आत्ता काय वयाची दिसते हे दिसेल, आणि आपल्याला ते आधी माहीत नव्हतं हे तिला दिसेल, असं वाटलं. त्याने हात पुसले आणि तिथेच बसून फोन काढला.

प्रमुखाला त्याने लिहिलं, माझी हरकत नाही. नव्या मुलाला उच्चारांबद्दल काही विचारायचं असेल तर त्याने विचारावं. निकिता मॅडमना लिहायला जास्त वेळ लागला. दोनदा पुसून त्याने शेवटी एवढंच ठेवलं: दुरुस्तीची गरज नाही. सहभागी ११ यांनी काम सोडले आहे. हे लिहिताना त्याच्या लक्षात आलं की खुली झाली तेव्हा ही माहिती चुकीची होती, आणि आता ती बरोबर आहे. पुढे कोणी अभ्यासक ती उतरवून घेईल तेव्हा त्याला त्यात काही खटकणार नाही.

"केलं?" राखीने विचारलं.

"हो."

 आनंद झाल्याचं किंवा वाईट वाटल्याचं तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. शेंगा संपत आल्या होत्या. कानात काहीतरी बंद पडल्यानंतरची शांतता असते तशी त्याच्या कानात होती, आणि तिच्यात मोटरसायकल एकदाची चालू होऊन निघून गेली. आता सकाळी उठून काय उघडायचं, असा एक साधा प्रश्न त्याच्यासमोर होता. राखीसमोर त्यातलं काही नव्हतं. तिला उद्या रविवार होता.

"शाळेत काय झालं आज?" त्याने विचारलं. प्रश्न इतका नवखा होता की तिने मान वर करून तो थट्टा करतोय का ते पाहिलं.

"काई नाई," ती म्हणाली.  मग ती सांगायला लागली. तिसरीतल्या एका पोरीने फळ्यावर बाईंचं चित्र काढलं होतं, तोंड उघडं, आणि तोंडातून येणाऱ्या रेघा इतक्या की फळा पुरला नाही. मुख्याध्यापकांनी... आणि इथे तिचा घसा धरला. पुढचा शब्द बाहेर येईना. तिने हाताने थांबा अशी खूण केली. शब्द कोणता असेल ते त्याला कळलं होतं, नेहमीसारखं लगेच. त्याने तो म्हटला नाही. तिचा घसा सुटायची वाट पाहत तो बसून राहिला, आणि तो सुटेल की नाही हे त्याला सांगता आलं नसतं.